कॅमेरा कसा राखावा?



तुम्ही म्हणाल, "गुरुजी, शेती, खत, दवाखाना सोडून आज कॅमेऱ्यावर भाषण कशाला?" सांगतो. कॅमेरा आता शहरापुरता राहिलेला नाही. आपल्या गावातली चार पोरं लग्नाचे, बारशाचे फोटो काढून पोट भरतात. कुणी सोसायटीचे कर्ज काढले, कुणी आईचे दागिने गहाण ठेवले, तेव्हा कॅमेरा घरात आला. गोठ्यातला बैल आजारी पडला तर सगळे घर काळजीत पडते. या पोरांचा बैल म्हणजे त्यांचा कॅमेरा. तो राखायला शिकले पाहिजे.

आपल्या कोल्हापूरला तर कॅमेऱ्याचा मोठा मान आहे. शहरात खरी कॉर्नरला गेलात तर तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ पाहा. तो बाबूराव पेंटर यांच्या आठवणीचा आहे. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. सिनेमाचा कॅमेरा आपणच बनवायचा, असे दोघांनी मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले, पण बाबूरावांनी काम सोडले नाही. १९१८ साली कॅमेरा तयार झाला. त्यांनी काढलेला 'सैरंध्री' हा सिनेमा १९२० साली लोकांनी पाहिला. आज मात्र तो पाहायला मिळत नाही. त्याची फिल्म उरली नाही. मंडळी, वस्तू बनवायला अक्कल लागते आणि टिकवायलाही लागते.

आता माझीच एक चूक सांगतो. मी मास्तर होतो तेव्हा गावाने वर्गणी काढून शाळेला एक रिळाचा कॅमेरा घेऊन दिला. किल्ली माझ्याकडे. मी कॅमेरा फार जपला. पावसाळा आला की तो चामड्याच्या पेटीत घालायचा, वर फडके गुंडाळायचे, दोन डांबरगोळ्या टाकायच्या आणि कपाट बंद. थेट दिवाळीलाच उघडायचे.

एका साली शाळेची जुनी कौलारू इमारत पाडायची ठरली. त्याआधी सगळ्या गावाचा फोटो घ्यायचा होता. शाळेला जागा देणारे म्हातारबा पुढे खुर्चीवर बसले. डोक्याला नवा पटका. मी फोटो काढले. रीळ धुऊन आले, तर सगळीकडे धुके! कुणाचा चेहरा ओळखू येईना. तोवर इमारत पडली होती. पुढल्या साली म्हातारबाही गेले. त्यांचा नातू आजही विचारतो, "गुरुजी, आज्याचा तो फोटो मिळंल का?" मी काय सांगू?

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उजेडाकडे धरून मला दाखवला. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक जाळी पसरली होती. तो म्हणाला, "गुरुजी, ही बुरशी. हिने काच खाल्ली. पुसली तरी डाग राहणार."

बुरशी का येते?

बुरशीचे बी हवेत सगळीकडे असते. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की ते रुजते. पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या कोल्हापुरी पायताणाला पांढरी बुरशी येते, पाहिली आहे ना? मग चामड्याच्या पेटीतल्या कॅमेऱ्याला का येणार नाही? चामडे ओल धरते. फडकेही ओल धरते. मी कॅमेरा जपला नव्हता, ओलीत कोंडला होता. डांबरगोळीने ओल जात नाही. उलट तिची वाफ काचेवर बसते.

गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस महिना महिना उघडत नाही. तिकडे जास्तच सांभाळावे लागते.

मग ठेवावा कसा?

आपण बियाणे कसे ठेवतो? आधी चांगले वाळवतो, मग भांड्याचे तोंड बंद करतो. ओले बी कोंडले तर कुजते. कॅमेऱ्याचेही तसेच.

रबराची कडी असलेल्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कॅमेरा ठेवावा. डब्यात सिलिका जेलच्या दाण्यांच्या दोन पुरचुंड्या टाकाव्यात. हे दाणे हवेतली ओल शोषून घेतात. नारिंगी दाणे घेतले तर ओल पिऊन ते गडद हिरवे होतात. मग ते जुन्या पत्र्याच्या भांड्यात मंद आचेवर तापवावेत. ओल उडून गेली की रंग परत येतो. गार झाले की पुन्हा वापरावेत. त्यासाठी घरातला तवा घेऊ नका. निळे दाणेही मिळतात, पण त्यांत विषारी द्रव्य असते. ते घरात नकोतच. कोणतेही दाणे पोरांच्या हाती लागू देऊ नयेत.

काही जण डब्यात तांदूळ घालतात. तांदळाची पूड कॅमेऱ्यात जाते. तांदूळ भातालाच ठेवा.

ओल मोजायचे लहान घड्याळासारखे यंत्र मिळते. त्याचा काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. ६० च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण समजा. फार कोरडेही नको, रबर तडकते. पापडासारखा कॅमेरा उन्हात वाळत घालू नये. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढावा, चार फोटो काढावेत, भिंग उजेडाकडे धरून तपासावे. मात्र सूर्याकडे रोखू नये. बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. ज्या भिंगाला बुरशी लागली, ते इतरांपासून वेगळे ठेवावे.

धूळ आणि गुलाल

भिंगावर धूळ दिसली की आपण काय करतो? धोतराचा सोगा, नाहीतर पदर घेतो आणि पुसतो. असे करू नये. धुळीत वाळूचे कण असतात. वाळू काचेपेक्षा कठीण. पुसले की ओरखडा उठतो, तो कायमचा. तोंडाने फुंकरही मारू नये, थुंकी उडते. रबराच्या फुग्याने हवा मारावी. मग मऊ कुंचला फिरवावा. त्यानंतरच भिंगासाठी मिळणारे मऊ फडके लावावे.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळतो. देवाचा गुलाल कपाळाला शोभतो, कॅमेऱ्याच्या पोटात नाही. तिथे कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी, फक्त भिंगाचे तोंड उघडे ठेवावे. गर्दीत भिंग बदलू नये.

कॅमेरा भिजला तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैतही पुन्हा तसेच झाले. म्हणून नदीकाठच्या घरात कॅमेऱ्याचा डबा खाली ठेवू नका. पाणी वाढू लागले की सातबारा, रेशनकार्ड यांच्याबरोबर तोही हलवा.

भिजलाच तर 'चालतो का बघू' म्हणून बटण दाबू नका. आत पाणी आणि वीज एकत्र आली की यंत्र जळते. आधी बॅटरी काढा, फोटोंचे कार्ड काढा, कोरड्या कापडाने वरचे पाणी टिपा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. मोबाईलनेही आता फोटो काढतात. तो भिजला तर बंद करा आणि चार्जिंगला लावू नका.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. हा धडा घरी न्या. ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्या पोराला बसवून मोठ्याने वाचून दाखवा. त्या कॅमेऱ्यावर त्याची भाकरी आहे. शिवाय गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरेही त्यातच उरणार आहेत. माझ्या हातून एक चेहरा गेला. तुमच्या हातून जाऊ नये, एवढेच सांगायचे होते.



लक्षात ठेवा

१. चामड्याच्या पेटीत कॅमेरा कोंडून ठेवू नये.
२. घट्ट डबा आणि ओल शोषणारे दाणे वापरावेत.
३. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा.
४. आधी हवा, मग कुंचला, शेवटी फडके.
५. भिजलेला कॅमेरा चालू करू नये.