पहिल्याचा वाटा

तिघांनी एका व्यापारात एकाच मुदतीसाठी ८००, १२०० व १५०० रुपये घातले. शंभराने भागता भांडवलाचे गुणोत्तर ८ : १२ : १५ होते. येथे विद्यार्थी पहिल्या दोन पदांनाच ४ ने भागून २ : ३ : १५ असे लिहितो. त्यावर नुसती फुली मारू नये. नफ्याचे ३५० रुपये त्याच्याकडूनच वाटून घ्यावेत. पहिल्याच्या हाती ८० ऐवजी ३५ रुपये पडतात आणि तिसरा १५० ऐवजी २६२ रुपये ५० पैसे घेऊन जातो. हा अन्याय पाहिला की विद्यार्थ्याला नियम उमगतो : विभाजक तिन्ही पदांना निःशेष भागणारा हवा. १५ ला ४ ने भाग जात नाही. म्हणून ८ : १२ : १५ हेच संक्षिप्त रूप होय.