दर पंधरा मिनिटांनी नवं चित्र

पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव तसं कमी पावसाच्या पट्ट्यातलं. तरी ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच पाथर्डी-शेवगाव भागात एका रात्रीच्या पावसाने नद्या-ओढ्यांना पूर आला. असा पाऊस देणारा ढग तासा-दोन तासांत फुगतो. त्याच्यावर सतत नजर हवी.

ती ठेवतात इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी झेपावलेला इन्सॅट-३डीएस हे हवामान उपग्रह. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दोघे आळीपाळीने चित्रं घेतात, म्हणून दर १५ मिनिटांनी नवं चित्र मिळतं.

त्यांची अवरक्त उपकरणं ढगमाथ्याचं तापमान मोजतात. लागोपाठच्या चित्रांत माथा झपाट्याने थंड होत गेला, की ढग उंच चढतोय हे कळतं. रडारची जोड देऊन हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा इशारा देतो.

मात्र माथा थंड असला म्हणजे खाली पाऊस पडतोच असं नाही. ढगाच्या आतलं पाणी सूक्ष्मलहरी उपकरणं टिपतात, पण ती वाहून नेणारे उपग्रह एका गावावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. म्हणून पडताळणीला जमिनीवरचा पर्जन्यमापक लागतोच.

इशारा वेळेत पोहोचला, तर ओढ्याकाठची जनावरं आणि पाण्याची मोटार अंधार पडण्याआधी वर हलवता येते.