प्रास्ताविक : यादी करताना
(स्नेहमिलन सोहळ्यात संयोजन समितीच्या वतीने केलेलं भाषण)



प्रास्ताविकाला मला पाच मिनिटं दिली आहेत. मंडप, जेवण, स्वागत हे तुम्ही बघताच आहात. मी बोलणार आहे आपल्या नावांच्या यादीबद्दल.

आपल्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर जिल्ह्यातली कॉलेजं तिकडं गेली. आपला वर्ग तर त्याआधीच पांगला होता. सिमेंट कंपन्यांच्या कॉलनीतली मुलं वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडून गेली. जिवतीच्या पहाडावरची आपापल्या गावी परतली. व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला तेव्हा त्यात आले ते बहुतेक शहरातले, नोकरीतले. हळूहळू आपण ग्रुपलाच वर्ग समजायला लागलो होतो.

मुलींना शोधणं सगळ्यात कठीण गेलं. आडनाव बदललेलं, काहींचं तर नावही. पत्ता लागला तो माहेरच्या वाटेनंच. कोरपन्यात, राजुऱ्यात कुणाचा भाऊ, कुणाची वहिनी गाठली. "तिचा नंबर तुम्हाला कशाला पाहिजे?" असं दारातच विचारायचे, आणि ते बरोबरच होतं. म्हणून दरवेळी एखादी मैत्रीण सोबत नेली. आज बिल्ल्यावर माहेरचं नाव मोठ्या अक्षरात आहे ते त्यासाठीच. नाहीतर एकमेकींना ओळखणार कशा?

तारखेवरून बरंच झालं. नोकरीवाले म्हणाले मे महिना, मुलांना सुट्ट्या असतात. चंद्रपूरचा मे विसरलेत बहुतेक! दिवाळी म्हटली तर शेतकरी मित्र कापूस वेचणीत. शेवटी जानेवारीअखेरचा रविवार ठरला. शिफ्टवाल्यांनी सुट्ट्या आपसात बदलून घेतल्या.

एका मित्रानं फोनवर स्पष्ट नाही म्हटलं. "तिथं सगळे साहेब. मी ठेकेदाराकडं रोजीनं. ज्याच्या ऑफिसबाहेर उभा राहतो, त्याच्या बाजूला जेवायला बसू का?" यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. पण समितीनं त्या रात्रीच फॉर्ममधला 'सध्याचे पद' हा रकाना काढून टाकला. मग आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. चहा झाला, सरांच्या गोष्टी निघाल्या, पदाचा विषयच आला नाही. तो आज आला आहे.

वर्गणीही त्याच कारणानं बंद पाकिटात घेतली. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत सापडणार नाही. काही मित्र नाराज आहेत, मोठी रक्कम देणाऱ्याचं नाव यायलाच हवं म्हणतात. राहोत. जमाखर्चाचा कागद दाराशी लावला आहे, पै-पैचा. कुणी किती दिले ते मात्र खजिनदारापाशीच राहील.

आता सर हजेरी घेतील, जुन्या रोल नंबरप्रमाणे. जे आज आपल्यात नाहीत त्यांची नावं वगळलेली नाहीत. त्यांच्या नावाला सर थोडं थांबतील. बाकीच्यांनी 'हजर' जरा मोठ्यानं म्हणा, सरांना आता कमी ऐकू येतं.