मिरजनगरीत अभ्यासकांचे स्वागत

डोळ्यांच्या हालचालींना मन आवर कसे घालते, याचा विचार करण्यासाठी जमलेल्या सर्व अभ्यासकांचे स्वागत समिती मिरजनगरीत मनःपूर्वक स्वागत करते.

डोळ्यांशी मिरजेचे नाते जुने. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याने भाजले, तेव्हा त्याला उपचारांसाठी इथेच आणले. दृष्टी मंदावली ती मंदावलीच. पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर घडले. कॅनडाच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय उघडले आणि मोतीबिंदूचे रुग्ण लांबलांबून मिरजेची वाट धरू लागले.

मिरजकरांचा जीव मात्र अडकतो तो सतारमेकरांच्या गल्लीत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर भागातले भोपळे, तुणीचे लाकूड आणि घोडीवर कानसेने घासून लावलेली जवारी यांतून उभा राहिलेला तंबोरा देशभरच्या मैफलींत पोचला. मैफलीत तंबोरा गवयाच्या मागे असतो. त्याचा कारागीर तर दिसतही नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हा या कारागिरांचा फार उशिरा झालेला सन्मान आहे.

आता परिषदेचा विषय. वॉनलेस यांच्याच देशात, टोरांटोत, पीटर हॅलेट यांनी 1978 मध्ये एक साधी चाचणी मांडली: ठिपका उजवीकडे चमकला की डावीकडे पाहायचे. डोळा आपसूक ठिपक्याकडे धावतो. त्याला थोपवून उलट दिशेला न्यायचे असते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्यांना हे अवघड जाते, असे गिटन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवले. सोबत मनातल्या मनात बेरजा करायला लावल्या तर धडधाकट माणसेही जास्त चुकतात; म्हणजे नियम ध्यानात धरून ठेवणारी स्मृतीच इथे कामी येते. लहान मुलांना हे साधायला बरीच वर्षे लागतात.

पाहुण्यांची निवासव्यवस्था एका जागी करता आली नाही, सभागृहही थोडे अपुरे पडेल; समिती त्याबद्दल क्षमा मागते. देणग्या देणारे व्यापारी आणि डॉक्टर, घरच्या खोल्या मोकळ्या करून देणारी कुटुंबे, पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी, स्थानकावर रात्रपाळी करणारे विद्यार्थी आणि मंडपवाले या सर्वांचे समितीवर ऋण आहे.

अभ्यासकांनी परतण्यापूर्वी सतारमेकरांच्या गल्लीत जरूर जावे आणि एखादा तंबोरा जुळताना ऐकावा, अशी समितीची आग्रहाची विनंती आहे.