रविवार कोणाचा? ख्रिस्ती घर, मोबाइल आणि श्रमाचा वेळ

(भांडुप येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातल्या मोबाइलच्या शिस्तीवर समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय पालकसभेचा, फार तर चर्चच्या कुटुंबमेळाव्याचा, अशी आपल्यात समजूत आहे. भांडुप-कांजूर पट्ट्यातील ख्रिस्ती वस्तीत या प्रश्नावर धर्मगुरू बोलतात, शिक्षक बोलतात आणि घराघरांत रोज वाद होतात. पक्ष मात्र गप्प असतो. कोणाचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न जेथे उद्भवतो तेथे तो अखेर श्रमाचाच प्रश्न असतो, आणि तो सोडवण्याचे काम एकट्या आईबापांवर टाकून चालत नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

या भागातील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. मूळचे ईस्ट इंडियन गावकरी आहेत, त्यांची घरातली बोली मराठीच. कारखान्यांच्या मागोमाग गोवा, मंगळूर आणि केरळातून आलेली कुटुंबे आहेत, तसेच नगर-जालन्याकडून आलेले मराठी प्रॉटेस्टंट आहेत. कॅथलिक घरात भिंतीवर छोटी वेदी, तीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि सायंकाळी जपमाळ; प्रॉटेस्टंट घरात बायबलचे वाचन आणि कौटुंबिक प्रार्थना. दिवसातून एकदा सगळ्या घराने एकत्र बसावे, हा दंडक दोन्हीकडे सारखाच.

सिएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स यांसारख्या कारखान्यांनी भांडुपचा कामगार घडवला, त्या काळी या दंडकाची सांगड पाळीशी घातली जाई. पहिली पाळी असली की प्रार्थना सातला. दुसरी असली की आई मुलांना घेऊन बसे आणि बाप रात्री येई. कारखान्याचा भोंगा क्रूर होता, पण प्रामाणिक होता. तो वाजला की काम सुरू, पुन्हा वाजला की काम संपले. फाटकाबाहेर पडलेल्या कामगाराला मालक रात्री दहाला हाक मारू शकत नसे. ते कारखाने आक्रसले किंवा गेले. एशियन पेंट्सने येथील उत्पादन 2014 मध्ये थांबवले. त्या कामगारांची मुले-सुना आज खाजगी रुग्णालयांत परिचारिका आहेत, कॉल सेंटरात आहेत, सुरक्षारक्षक आहेत, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवर आहेत. यांचा भोंगा खिशात असतो आणि तो थांबत नाही.

घरात यंत्र प्रथमच शिरले असे नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. जानेवारी 1987 पासून ‘रामायण’ मालिका रविवारी सकाळी दाखवली जाऊ लागली, म्हणजे नेमकी मिस्साच्या वेळी. ख्रिस्ती घरांतली मुलेही शेजाऱ्यांकडे ती पाहावयास जात, आणि आईबाप कुरकुरत का होईना, वाट काढीत. त्या यंत्राचा एक गुण विसरता कामा नये. संच एकच होता, खोलीच्या मध्यभागी होता आणि काय पाहावयाचे याचा तंटा सगळ्यांदेखत होत असे. ती घराची सामाईक मालमत्ता होती. मोबाइल ही प्रत्येकाची खाजगी मालमत्ता. तिच्याविषयी तंटादेखील धड होत नाही, कारण दुसऱ्याच्या पडद्यावर काय चालले आहे हेच कळत नाही.

आता थोडे अर्थशास्त्र. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात आली आणि डेटाचे दर कोसळले. जेथे एका जीबीला दोनशेच्या वर रुपये पडत, तेथे ते दहाच्या आसपास आले. स्वस्ताई झाली याचे गरिबाने वाईट का मानावे? परंतु विक्रीची रीत पाहा. डेटा आता बहुधा दिवसाच्या हिशेबाने मिळतो, दीड किंवा दोन जीबी, आणि उरलेला मध्यरात्री बुडतो. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे पुढच्या प्रत्येक मिनिटाची किंमत शून्य, आणि न वापरावे तर नुकसान! काटकसर हा ज्या घराचा स्थायीभाव, त्याच घराला हा सौदा रात्री बारापर्यंत जागवतो. सवय जडल्यानंतर जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. मक्तेदारीचे हे गणित पाठ्यपुस्तकात जुनेच आहे; फरक इतकाच की येथे कच्चा माल म्हणजे माणसाचे लक्ष. ते जितका वेळ पडद्यावर खिळून राहील तितके जाहिरातदाराला विकता येते. चौदा वर्षांच्या मुलासमोर जो कार्यक्रम उभा असतो, तो त्याला उठू न देण्यासाठी पगारी तज्ज्ञांनी रचलेला असतो. अशा सामन्यात आईच्या ‘ठेव तो फोन’ला कितीसे बळ असणार?

धर्मसंस्थेने या प्रश्नाकडे डोळेझाक केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्येच संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि मुलांच्या हाती काय पडते याची जबाबदारी पालकांवर ठेवली. पोप फ्रान्सिस यांनी 2016 सालच्या कुटुंबविषयक पत्रात, जेवणाच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेला असतो, अशी नेमकी तक्रार केली आहे. येथील घरांतही लेंटच्या चाळीस दिवसांत मांसाऐवजी समाजमाध्यमे सोडण्याचा नेम काही तरुण करतात. चांगले आहे. पण ख्रिस्ती कुटुंबांसाठी निघणाऱ्या परदेशी पुस्तिकांतला उपदेश पाहा. निजण्याच्या खोलीत फोन नेऊ नये, संगणक बैठकीच्या खोलीत ठेवावा, मुलाला अभ्यासाला वेगळी जागा द्यावी. टेंभीपाड्याच्या किंवा कोकण नगरच्या घरात निजण्याची, बैठकीची आणि स्वयंपाकाची खोली एकच असते. पुनर्वसनाच्या घराचे क्षेत्रफळ आधी 225 चौरस फूट, मग 269 आणि आता 300. तेथे फोन कोणत्या खोलीत न्यावयाचा नाही? उलट अशा घरात फोन हीच मुलाची वेगळी खोली असते. ती काढून घेताना आपण त्याचे काय काढून घेतो, याचा विचार पुस्तिका लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

शिवाय ते यंत्र नुसते व्यसनाचे नाही. आखातात किंवा जहाजावर असलेला बाप रात्री त्याच पडद्यावर जपमाळेला हजर राहतो. 2020 च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली, त्या वर्षीचा ईस्टर मोबाइलवरच साजरा झाला आणि राज्यातील प्रार्थनास्थळे नोव्हेंबरात उघडली. मुंबईतील पहिली ते सातवीचे वर्ग तर 15 डिसेंबर 2021 रोजी भरले. पावणेदोन वर्षे राज्ययंत्रणेने आणि शाळेने मुलाच्या हाती फोन दिला, आणि नंतर त्याच मुलाला फोन सुटत नाही म्हणून आईला दोषी धरले. गृहपाठ अजूनही आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, बहुधा रात्रीच येतो. देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 54 टक्के होते. तिचा फोन तिचा कमी, घराचा अधिक.

आता खऱ्या गाठीकडे येऊ. खाजगी रुग्णालयात काम करणारी भांडुपची एखादी ख्रिस्ती परिचारिका डोळ्यांपुढे आणावी. तिने घरात नियम केला आहे की सात ते आठ सगळे फोन वेदीखालच्या डब्यात. मुले मानतात. पण दुसऱ्या दिवशीच्या पाळीत बदल झाला तर तो संदेश साडेसातला येतो आणि दहा मिनिटांत ‘हो’ न कळवल्यास गैरहजेरी लागते. डब्यातून फोन पहिल्यांदा तीच काढते. मुलांच्या देखत मोडलेल्या नियमाची किंमत पुढे काय राहणार? तिचा नियम मुलांनी मोडलेला नाही, तो तिच्या मालकाने मोडला आहे.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण अपरिहार्य आहे. 1884 मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणाऱ्या या सत्यशोधक पुढाऱ्याने साप्ताहिक सुटीसाठी सहा वर्षे झुंज दिली. एप्रिल 1890 मधील मुंबईच्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. साहेबाचा तो प्रार्थनेचा वार, बहुजनांचा खंडोबाचा वार. कामगाराला मात्र तो कोणी देवाच्या नावाने बहाल केला नाही, त्याने तो मालकाकडून मिळवला. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक त्यानंतर, मे 1891 मध्ये निघाले. विसाव्याचा आणि न्याय्य वेतनाचा हक्क त्यात मान्य केला आहे. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या औद्योगिक क्रांतीचा संदर्भ देऊन त्या परिपत्रकाची आठवण करून दिली. धर्मसंस्थेशी आपले मतभेद पुष्कळ आहेत, पण या मुद्द्यावर तिच्या दारात जाऊन उभे राहण्यास संकोच का वाटावा?

शब्बाथाच्या आज्ञेत विसावा एकट्या घरधन्याला सांगितलेला नाही. दास-दासी, बैल-गाढव आणि वेशीच्या आतला परका यांनाही तो सांगितला आहे, आणि अनुवादाच्या पुस्तकात त्याचे कारण दिले आहे की तुम्हीही मिसरात गुलाम होता. मिस्साहून परतलेले घर रविवारी मोबाइलवर बिर्याणी मागवते, तेव्हा जिना चढून येणारा मुलगा त्या आज्ञेत बसतो की नाही? तोही बहुधा याच डोंगरावरच्या वस्तीतला असतो. रविवार हाच त्याच्या धंद्याचा मोठा दिवस, त्या दिवशी सुटी घेतली तर कमाई बुडते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना वर्षभर उघडे राहण्याची मुभा दिली, पण कामगाराची साप्ताहिक सुटी राखली. हा मुलगा मात्र कंपनीच्या लेखी कामगार नाही, ‘भागीदार’ आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची व्याख्या केली, कंपनीकडून त्याच्या कल्याणनिधीला वर्गणीही सांगितली; पण कामाचे तास आणि सुटी यांविषयी ती मौन पाळते.

इतर कायद्यांची गतही ध्यानात घ्यावी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना आणखी दीड वर्षाची मुदत आहे. त्यातही भिस्त पालकांच्या संमतीवर, म्हणजे इंग्रजी मजकुराखाली आईने दाबलेल्या बटणावर. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल, पण दंड कोणाला करावयाचा हे तरी त्यांनी बरोबर ठरवले. कामाच्या वेळेनंतर मालकाच्या संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा आशयाचे खाजगी विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले. स्वातंत्र्यानंतर अवघी चौदा खाजगी विधेयके संमत झाली, त्यांतले शेवटचे 1970 मध्ये. तेव्हा त्या विधेयकाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

काम येथूनच सुरू करता येईल. भांडुप ते मुलुंड पट्ट्यातील रुग्णालये, सुरक्षा एजन्सी आणि मॉल यांतील कामगारांना पाळीच्या वेळेबाहेर येणारे संदेश महिनाभर वेळेसह टिपून ठेवण्यास सांगावे. नावे झाकून ती यादी संघटनेने कामगार आयुक्तांपुढे ठेवावी. धर्मगुरूंना भेटून चर्चच्या शाळांतून रात्रीचा गृहपाठ मोबाइलवर पाठवू नये, अशी विनंती करावी. ती मान्य होण्याजोगी आहे. वितरण करणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दिवस कमाई न बुडता सुटी मिळावी, ही मागणी रविवारी चर्चच्या आवारात सही घेण्याजोगी आहे, आणि तेथे ती खंडोबाच्या भक्तानेच नेली तर अधिक बरे. जाता जाता एक सूचना पक्षाच्या विभाग कार्यालयासाठी: दुसऱ्या दिवशीच्या सभेचा निरोप कार्यकर्त्यांच्या गटावर रात्री अकराला पाठवण्याची प्रथा या आठवड्यापासून बंद करावी.