‘चालू स्थितीत’ हा शेरा

शिक्षणशास्त्राची पदवी आज ग्रहण करणाऱ्या तुम्हां तरुण मित्रमैत्रिणींपुढे शालेय अध्यापनातील डिजिटल तंत्रज्ञानाविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची आज्ञा आहे. परंतु ज्याने ३६ वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांत काढली, त्याच्या मनात हा विषय निघताच प्रथम उभे राहते ते एक हिरव्या रंगाचे लोखंडी कपाट, आणि त्या कपाटापाशी थोडा वेळ थांबल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

१९८५च्या जूनमध्ये मी घाटमाथ्यावरील एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो. तो काळ मोठ्या उमेदीचा होता. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ साली अवकाशात गेलेला होता, १९८४च्या जानेवारीत पुण्यास दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झालेली होती, आणि शहरातील नामांकित शाळेतील मुलाला जे पाहावयास मिळते ते डोंगरातल्या मुलालाही त्याच घटकेस पाहता येईल, या कल्पनेने आमच्यासारख्या नवशिक्या शिक्षकांचा ऊर भरून येत असे. दोन वर्षांनी आमच्या शाळेलाही एक दूरचित्रवाणी संच मिळाला. शाळेत वीजजोडणी नव्हती. म्हणून शेजारच्या घरातून तार ओढून, छपरावर अँटेना बांधून आम्ही तो सुरू केला. एके दिवशी पडद्यावर समुद्र दिसला. ज्यांनी ओढ्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते अशी ती मुले निःशब्द झाली, आणि तिसरीतली एक मुलगी हलकेच म्हणाली, “गुरुजी, एवढं पाणी कुणाच्या मालकीचं?” त्या प्रश्नावर आम्ही पुढे आठवडाभर बोलत होतो. तंत्रज्ञानाने शिक्षकाला काय द्यावे, असे मला कोणी विचारले तर मी आजही त्या प्रश्नाकडेच बोट दाखवीन.

ते सुख एक पावसाळा टिकले. विजेचा दाब कमीजास्त होऊन संच जळाला. दुरुस्तीसाठी खर्चाचे शीर्ष कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हते, आणि सादिलवारच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, तुटपुंज्या रकमेत खडू, हजेरीपत्रके आणि केरसुण्या यांचीच कशीबशी तजवीज होत असे. मुख्याध्यापकांनी संच कपाटात ठेवून कुलूप लावले. वर्षअखेरीस जडवस्तू नोंदवहीची तपासणी आली, तेव्हा ‘नादुरुस्त’ असा शेरा लिहिल्यास जबाबदारी निश्चित होऊन पगारातून वसुली निघेल, ही भीती आम्हां दोघांनाही होती. म्हणून मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून, पण माझ्याच हस्ताक्षरात, मी ‘चालू स्थितीत’ असे लिहिले. माझी बदली होईपर्यंत सात वर्षे, दर मार्चअखेर, मी तेच दोन शब्द लिहीत राहिलो.

मित्रहो, त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते, आणि ती केवळ खोटे लिहिले म्हणून नव्हे. आमच्यासारख्या शाळांच्या नोंदी एकत्र होऊन तालुक्याचा गोषवारा तयार होत असे, त्यावरून जिल्ह्याचा, आणि जिल्ह्याच्या आकड्यांवरून वरिष्ठ मंडळी स्वाभाविकच असे समजत की संच चालू आहेत, मुले पाहत आहेत, आता पुढील यंत्र पाठवावयास हरकत नाही. दुरुस्तीचे शीर्ष का नाही, हा प्रश्न वर कधी गेलाच नाही. कारण तो आम्ही कपाटात कोंडून ठेवला होता.

पुढील यंत्रे आलीही. संगणक आले, २००४ साली एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठी योजलेला उपग्रह गेला, २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमानंतर तर गावोगाव लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. या शेवटच्या पर्वाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी उचलीतून पैसे काढून शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिलेला मी स्वतः पाहिला आहे. आणि वीजबिलाच्या थकबाकीपायी जोडणी तोडली गेल्यावर तोच प्रोजेक्टर टेबलक्लॉथखाली झाकलेलाही पाहिला आहे. ज्यांनी रोजगार मोडून ते यंत्र आणले त्यांना त्या बिलाविषयी आम्ही काय सांगावयाचे? शिक्षकाने वर्ग सोडून ऑनलाइन माहिती भरत बसावे, एकच माहिती तीन ठिकाणी, तीन मुदतींत द्यावी, आणि यालाच शाळेत तंत्रज्ञान आले असे म्हणावे, हेही मला कधी पटले नाही.

मी यंत्राचा विरोधक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. एका लहान गावातून एवढे होऊ शकते, याचा अभिमान कोणत्या शिक्षकास वाटणार नाही? माझ्याच केंद्रातील, म्हणजे पुढे मी ज्या शाळांच्या गटाचा प्रमुख झालो त्यातील, एक शिक्षक मोबाईल रिकाम्या स्टीलच्या तांब्यात उभा करून ठेवीत, म्हणजे कवितेचा आवाज घुमून वर्गभर जाई. दुसरीची मुले ऐकत आणि म्हणत असताना त्यांना चौथीचा भागाकार निवांत घेता येई. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला तो तांब्या म्हणजे दुसरा शिक्षकच होता.

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो. किती विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणात सहभागी झाले, याचा आकडा रोज सायंकाळपर्यंत भरावयाचा असे. एका वाडीवरच्या शिक्षिकेचा फोन आला. पट १९, गावात स्मार्टफोन चार, त्यांतील एक वडिलांबरोबर कामावर जाणारा, आणि रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. “सर, बाकीच्या शाळा पूर्ण पट भरतायत. मी काय लिहू?” मला ते हिरवे कपाट आठवले. मी म्हटले, “बाई, तीन असतील तर तीनच लिहा.” त्यांनी तीन लिहिले. दुसऱ्या दिवशी मला वरून फोन आला, खुलासा मागवला गेला, आमचे केंद्र यादीत तळाशी गेले. पण त्या तीनच्या आकड्यामुळेच उरलेली सोळा मुले कोठे आहेत हे विचारणे भाग पडले, आणि बाई आठवड्यातून तीन दिवस स्वाध्यायाचे कागद घेऊन वाडीवर घरोघर जाऊ लागल्या.

त्या काळात देशातील मुलांचे खरोखर काय झाले, हे आपल्याला कोणत्या साधनाने कळले? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतील स्वयंसेवक घरी जातो, मुलाशेजारी बसतो आणि एक छापील कागद त्याला वाचावयास देतो. देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले. हे कळावयास मुलाच्या तोंडून ऐकावे लागले.

येत्या काळात तुम्ही कोठे ना कोठे रुजू व्हाल. तुमच्या वाट्याला टॅब येतील, मोठे पडदे येतील, आज आपल्याला नावेही ठाऊक नसलेली साधने येतील. त्यांचा मनसोक्त उपयोग करा. मात्र पहिल्याच आठवड्यात शाळेतील कपाटाची किल्ली मागून घ्या, कुलूप स्वतः उघडा, प्रत्येक यंत्राची कळ दाबून पाहा, आणि नोंदवहीत जे दिसले तेच लिहा.