पिवळं बाळ आणि आरोपीच्या पिंजऱ्यातली आई
(नाशिकच्या इंदिरानगरमधील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



इथे जवळच राहणाऱ्या एका बाईची हकिगत सांगते. तिच्या पहिल्या मुलाला जन्मल्यावर कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. चौथ्या वर्षी त्याला दमा लागला. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना हिनं काय खाल्लं कोण जाणे!" नवऱ्यानं कुठंतरी ऐकलं, की दिव्यानं दमा होतो. आता मुलगी झाली, तीही तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. घरात ठरलं, दिवा नको, माळ घालू. ती मला म्हणाली, "ताई, दिव्याखाली ठेवलं तरी मीच दोषी, नाही ठेवलं तरी मीच."

पूर्ण दिवसांच्या दहापैकी सहा बाळांना थोडीफार कावीळ होते. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी फुटून पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, तयार होतं. बाळाचं कोवळं यकृत ते लवकर बाहेर टाकू शकत नाही. आईच्या हळदीचा यात संबंध नाही. दूध तोडायचं तर नाहीच, उलट वारंवार पाजायचं. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. पण प्रमाण फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. बहिरेपण, कायमचं अपंगत्व, मृत्यूसुद्धा येऊ शकतो. निळा प्रकाश त्या द्रव्याचं रूप पालटतो, मग ते शी-शूवाटे निघून जातं.

हे सुचलं कुणामुळे? १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांच्या लक्षात आलं, की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा कमी पिवळी दिसते. एका परिचारिकेच्या निरीक्षणातून हा उपचार उभा राहिला. (म्हणून घरी उन्हात धरणं पुरेसं, असं मात्र नाही.)

आता दमा. कावीळ झालेल्या मुलांत दमा थोडा अधिक आढळतो, असं काही अभ्यासांत दिसलं. २०१८ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या लाखाहून अधिक बाळांच्या अभ्यासात मात्र दिव्याचा दम्याशी संबंध आढळला नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं नसतं. म्हणून गरज नसताना दिवा नको, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गरज असताना दमा होईल या भीतीनं नाकारू नका. आणि दम्याचीच काळजी असेल, तर घरातली विडी-सिगारेट आधी बंद करा. त्याबद्दल सुनेला कुणी बोल लावत नाही!

पहिल्या चोवीस तासांत आलेली कावीळ, पिवळे तळहात-तळपाय, सुस्त पडलेलं, न पिणारं बाळ: यांतलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं तो हक्क दिला आहे.

त्या मुलीचं रक्त आम्ही तपासून घेतलं. प्रमाण जास्त निघालं. दोन दिवस दिव्याखाली राहून ती घरी आली. सासूबाई अजून बोलत नाहीत. पुढे तिला दमा होईल की नाही, कुणीच सांगू शकत नाही. झालाच, तर त्या दिवशी तिच्या आईशेजारी आपण उभ्या असू ना? एवढंच विचारायला मी आले.